उंबर फोडून बघ

चि. चिऊस,


तुझं पत्र नीट वाचलं. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवऱ्याच्या दोषांची पानभर यादी झाली आणि ‘आपली निवडच चुकली’ असं तू लिहिलंस. तुझी आई म्हणेल, उंबर फोडून केंबरं काढू नयेत. मी उलट सांगते. फोड, आणि आत काय चाललंय ते बघ.

उंबराची फुलं कुणाला दिसत नाहीत, कारण ती फळाच्या आतच असतात, शेकडोंनी. फळाच्या टोकाला बारीक छिद्र असतं. त्यातून केंबराची, म्हणजे त्या इवल्याशा किड्याची, मादी आत घुसते. एवढी दाटी की तिचे पंख बहुधा तुटूनच पडतात. आत शिरल्यावर सोबत आणलेले पराग ती फुलांना लावते आणि काही फुलांत अंडी घालते. ज्या फुलात अंडं पडलं त्याचं बी होत नाही, तिथे अळी वाढते. बाकीच्यांचं बी होतं. मादी आतच मरते. पुढे तिची पिल्लं मोठी होतात. नरांना पंख नसतात. ते फळाच्या भिंतीला भोक पाडतात आणि तिथेच संपतात. त्या भोकातून माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराच्या शोधात उडतात. उंबराला दुसरं कुणी परागण करत नाही, आणि या केंबरांना दुसरीकडे कुठे अंडी घालता येत नाहीत. उंबर-वड-पिंपळाच्या कुळाचं आणि या केंबरांचं हे नातं काही कोटी वर्षांचं आहे.

म्हणजे आपली काही फुलं खाऊ दिल्याशिवाय या झाडाला एकही बी मिळत नाही. ज्या झाडाला आपण दत्ताचं म्हणून प्रदक्षिणा घालतो, त्याच्या प्रत्येक बीमागे ही झीज आहे.

अंजीर याच कुळातलं. आपल्या पुरंदरच्या अंजिराला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते केंबराशिवाय पिकतं. फळ सुरेख, मला फार आवडतं. पण त्यातल्या बीतून रोप येत नाही, बागायतदाराला कलमंच लावावी लागतात. तुझ्या मनातला निर्दोष नवरा मला त्या अंजिरासारखा वाटतो.

आता यापुढचं नीट वाच, कारण ‘सगळं सोसायचं असतं’ असं मी तुला कधीच सांगणार नाही. पनामातल्या उंबराच्या काही भाईबंदांवर शार्लट यांडेर आणि अ‍ॅलन हेर यांनी संशोधन केलं, ते 2010 साली प्रसिद्ध झालं. पराग न आणता नुसती अंडी घालणारी केंबरं त्यांनी फळांत सोडली. ज्या जातींच्या झाडांची केंबरं एरवी मुद्दाम पराग गोळा करून आणतात, त्या झाडांनी अशी बरीच फळं कच्चीच गाळून टाकली. आतल्या अळ्याही त्यासोबत गेल्या. झाड झीज सोसतं, पण नुसतंच घेणाऱ्याला पोसत नाही. मला झाडाची ही बाजू पहिल्या बाजूइतकीच महत्त्वाची वाटते. आपल्याकडे बायकांना पहिलीच तेवढी शिकवली गेली.

तेव्हा तुझी यादी पुन्हा काढ. तो रागावला की दोन दिवस गप्प बसतो, ओला टॉवेल पलंगावर टाकतो, तुझ्या परीक्षेची तारीख विसरला, आईला दिवसातून चार फोन करतो: हे सगळं खाल्लेल्या फुलांत धर. तुझ्या आजारपणात रात्र रात्र जागणारा तोच होता, हे तूच मागच्या पत्रात लिहिलं होतंस. तुझ्या बोलण्याच्या धारेनं त्याचीही काही फुलं जात असतील, तो मोजत नाही एवढंच.

पण तुला न विचारता तुझ्या पगारातले पैसे त्यानं भावाला दिले, ही गोष्ट त्या रांगेत बसवू नकोस. ती वेगळी आहे. त्याबद्दल याच आठवड्यात त्याच्याशी समोरासमोर बोल, आवाज न चढवता आणि शब्द न गिळता. तो काय म्हणाला ते मला कळव. पुढे काय करायचं ते आपण मिळून ठरवू. तू जे ठरवशील त्यात मी तुझ्या बाजूला आहे.

तुझी,
मावशी