कावळ्याचा काय दोष?

"काय भाजी केलीस आज?" आईने सांगलीहून फोनवर एवढंच विचारलं आणि मी तिच्यावर खेकसले, "तुला दुसरं काही सुचतच नाही का गं?" फोन कट. पुढचे आठ दिवस नो फोन, नो मेसेज. भाजीवरून!

फ्रीलान्स पत्रकाराचं आयुष्य बाहेरून एकदम भारी दिसतं. बॉस नाही, पंचिंग नाही, कर्वेनगरच्या वन बीएचकेत पायजम्यात बसून लेख लिहायचे. आतली गोष्ट वेगळी असते. दोन लेखांचं मानधन तीन महिने अडकलेलं, घरमालकाने भाडं वाढवलेलं, एक डेडलाइन हुकलेली. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. 'मस्त चाललंय' हे आपलं ठरलेलं उत्तर!

त्याच आठवड्यात रूममेट म्हणाली, "कुढत बसण्यापेक्षा पायथॉन शिक." ती हिंजवडीची आयटीवाली, मी मास कॉमवाली. एक्सेल उघडतानाही माझे हात थरथरतात. पण तिने दिलेलं काम सोपं होतं : वाळूच्या ढिगाचं 'सेल्युलर ऑटोमेटन'. म्हणजे काय, तर चौकटीच्या वहीसारखी जाळी आणि सगळ्या घरांना एकच नियम. ५० बाय ५० ची जाळी घ्यायची आणि कुठल्याही घरात एकेक दाणा टाकत जायचा. एका घरात चार दाणे झाले, की ते घर कोसळतं आणि चारही शेजाऱ्यांना एकेक दाणा देतं. त्यात शेजाऱ्याचे चार झाले, की तोही कोसळतो. बस्स! पेर बाक, चाओ तांग आणि कर्ट वीसनफेल्ड यांनी १९८७ मध्ये मांडलेलं हे मॉडेल.

कोड जेमतेम वीस-पंचवीस ओळींचा. पण रन केला, तर पाचेक हजार दाण्यांनंतर प्रोग्रॅम थांबेचना. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला. रूममेटने स्क्रीनकडे एक नजर टाकली. "अगं, उजवीकडून पडलेला दाणा तू डावीकडून परत आत घेतेयस. बाहेर पडायला जागाच ठेवली नाहीस. ढीग शांत होणार कसा?"

कडेचे दाणे बाहेर सोडले आणि सगळं सुरळीत झालं. मग रात्री दोनपर्यंत मी नुसती बघत बसले. सुरुवातीला कितीही दाणे टाका, फारसं काही होत नाही. पुढे घरटी सरासरी दोनच्या किंचित वर जाते आणि तिथेच रेंगाळते. कोसळायला लागतात चार, सरासरी आहे दोन, म्हणजे सगळं आलबेल वाटतं. पण आता एक दाणा पडतो, काहीच होत नाही. दुसरा तस्साच दाणा पडतो आणि अर्धी जाळी हलते!

या ढिगाचं गणित उलगडणारे शास्त्रज्ञ आपल्याकडचेच. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये असताना दीपक धर यांनी १९९० मध्ये दाखवून दिलं, की घरं कुठल्याही क्रमाने कोसळवा, शेवटचं चित्र तेच येतं. पुढे २०१६ मध्ये ते पुण्यात, पाषाणच्या आयसरमध्ये आले आणि २०२२ मध्ये बोल्टझमन पदक मिळवणारे पहिले भारतीय ठरले. मीही करून पाहिलं. एकदा डावीकडून कोसळवली, एकदा उजवीकडून. चित्र हुबेहूब तेच! आठ दिवस मी मनात हिशेब करत होते, आधी भाडं वाढलं म्हणून डेडलाइन हुकली, की डेडलाइन हुकली म्हणून आईवर ओरडले... तो हिशेब तिथेच बंद केला.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. आपण मात्र कावळ्यालाच धोपटतो.

सकाळी आईला फोन केला. मानधन, भाडं, डेडलाइन, सगळं सांगून टाकलं. ती मध्ये एक शब्दही बोलली नाही. माझं बोलून झाल्यावर म्हणाली, "बरं. आणि भाजी काय केलीस?"

"फ्लॉवर," मी म्हटलं. "खारट झालाय."