नंबर तोच, कंपनी दुसरी

कृत्रिम बुद्धिमत्तेने व्यापलेल्या शहरात सामान्य नागरिक प्रतिकार कशाने करील, या प्रश्नाचे जवळचे उत्तर शिरोळ तालुक्यातील नांदणी गावात सापडते. तेथील जैन मठात तीन दशकांहून अधिक काळ राहिलेली महादेवी हत्तीण न्यायालयीन आदेशानुसार जुलै २०२५ च्या अखेरीस जामनगरच्या ‘वनतारा’ या प्राणी-पुनर्वसन केंद्रात नेण्यात आली, तेव्हा लोकांनी त्या केंद्रामागील उद्योगसमूहाच्या जिओ सेवेकडे पाठ फिरवली. साधन होते ‘नंबर पोर्टेबिलिटी’, म्हणजे क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याचा हक्क, जो देशभर जानेवारी २०११ पासून लागू आहे: १९०० वर ‘पोर्ट’ हा शब्द आणि आपला क्रमांक पाठवायचा, आलेला संकेतांक दुसऱ्या कंपनीच्या दुकानात दाखवायचा, आणि बँक, आधार यांना जोडलेला नंबर जसाच्या तसा हाती राहतो. न्यायालयीन आदेशामागची हत्तिणीच्या प्रकृतीविषयीची चिंता खरीच होती, तरीही गावाची माया त्याहून कमी खरी नव्हती. माणसाच्या वापरावरच पोसल्या जाणाऱ्या यंत्रणेला तो वापर नाकारणे, हे निःशस्त्र माणसाच्या हातातले फार मोठे बळ होय. हत्तीण परत मिळावी म्हणून ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरपर्यंत मूक पदयात्रा निघाली. त्याच आठवड्यात नांदणी परिसरातच हत्तिणीसाठी पुनर्वसन केंद्र उभारण्यास साहाय्य करण्याची तयारी वनताराने जाहीर केली.