अंधबिंदू

मी खरा मराठीचा मास्तर. पण लहान शाळेत ज्याचा तास रिकामा, तो विज्ञानाचाही शिक्षक. डोळ्याचा धडा आला की मी एक गंमत करून दाखवतो. कागदावर एक फुली काढायची आणि तिच्या उजवीकडे सात सेंटिमीटरवर एक ठिपका. डावा डोळा झाकून उजव्याने फुलीकडे टक लावायची आणि कागद हळूहळू जवळ आणायचा. वीत-सव्वा वीत अंतरावर ठिपका एकदम नाहीसा होतो! पोरे ओरडतात.

दृष्टीची नस जिथून डोळ्याबाहेर पडते तिथे पाहण्याची शक्तीच नसते. तो अंधबिंदू. सतराव्या शतकात मारिऑट नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने तो जगापुढे मांडला. तोपर्यंत माणसे तो डोळ्यांत घेऊन खुशाल हिंडत होती. कारण तिथे भोक दिसत नाही. आजूबाजूचा कोरा कागदच मेंदू त्या जागी पसरून देतो. एका डोळ्याला न दिसणारे दुसऱ्याला दिसते, म्हणून आपले निभते.

हे सारे मला तोंडपाठ. रविवारच्या शाळेतली नाथान संदेष्ट्याची गोष्ट तर माझा हातखंडा. दावीद राजाने उरीयाची बायको घेतली, उरीयाला लढाईच्या तोंडी देऊन मारवले आणि निर्धास्त राहिला. नाथानने त्याला दोष दिला नाही. एका श्रीमंताने पाहुण्यासाठी गरिबाची एकुलती एक मेंढी कापली, एवढेच सांगितले. राजा संतापला, मरणाची शिक्षा बोलला, आणि मग त्याला कळले की गुन्हेगार आपणच! मुले तोंड उघडे टाकून ऐकतात. सांगणाराही स्वतःवर खूष असतो.

गेल्या वर्षी एका शनिवारी आमच्या शाळेचे शिपाई किल्ल्या द्यायला घरी आले. (पाहा, लिहितानाही आधी ‘आला’ असेच उमटले होते, खोडून ‘आले’ केले.) माझ्याहून बारा वर्षांनी वडील, आमच्याच मंडळीतले. मी जेवत होतो. माझी आठ वर्षांची धाकटी दारात गेली नि म्हणाली, “अरे, थांब जरा. पप्पा जेवतायत.”

ते गेल्यावर मी तिची चांगली खरडपट्टी काढली. आजोबांच्या वयाच्या माणसाला अरे-तुरे? कुठे शिकलीस हे?

ती रडली नाही. तिला नवल वाटले असावे. म्हणाली, “तुम्हीच म्हणता की!”

घास हातातच राहिला. शाळेचा कारकून पंचविशीतला, त्याला मी ‘अहो’ म्हणतो. कोपऱ्यावरच्या वाण्याला ‘अहो’. आणि इकडे ‘अरे, घंटा दे’, ‘अरे, पाणी आण’. रविवारी प्रभुभोजनाला आम्ही शेजारी शेजारी गुडघे टेकतो, एकाच प्याल्यातून पितो. त्यांच्यामागून पिताना माझे मन कधी कचरले नाही, याचा मला केवढा अभिमान! तो अभिमानच कोऱ्या कागदासारखा त्या जागेवर पसरला होता. माझ्या कादंबऱ्यांतले गरीब लोक तर फारच थोर असतात.

रात्री झोप येईना. पंडिता रमाबाईंची आठवण झाली. बाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली ती बाई, विचार केल्यावाचून पाऊल टाकणारी नव्हे. पण १९०७ साली आपली साक्ष लिहिताना तिने कबूल केले की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा राहिला होता. त्याला आणखी आठ वर्षे लागली. लोक तिला केव्हाच ख्रिस्ती समजत होते, तीही समजत होती. हे छापून सांगायला तिला कुणी भाग पाडले नव्हते. मला तर माझे वाक्य बायकोलासुद्धा सांगवेना.

सोमवारी पहिल्या तासाला मी धीर करून म्हणालो, “अहो, जरा खडू आणून देता का?”

शब्द घशात अडखळतच बाहेर आला. ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले, मग खडू आणून ठेवले. दिवसभर माझ्यासमोर आले नाहीत. शाळा सुटल्यावर शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले, टोपी हातात.

“सर, माझं काही चुकलं का?”

“नाही रे,” मी म्हणालो.