एक दाणा हरभऱ्याचा

परवा मामेभावाचा फोन आला. "दादा, मेंढा घ्यायचाय. बघायला येतोस का?"

दिवसभर पुण्यातल्या ऑफिसात कीबोर्ड बडवणाऱ्या माणसाला मेंढा निवडायला बोलावणं हा खरं तर मान. पण मला चटकन 'हो' म्हणता येईना. ह्या विषयात मी एकदा तोंडावर आपटलोय, आणि ते इथे कधी लिहिलेलं नाही. आज लिहून टाकतो.

मामाचं गाव फलटण तालुक्यात. साठेक मेंढरं, सगळी दख्खनी. दख्खनी मेंढी बहुतेक वेळा एका वेताला एकच कोकरू देते. आमच्या लहानपणी जुळं झालं की आजूबाजूची माणसं बघायला यायची. पुढे फलटणच्याच निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातल्या गारोळ मेंढ्यांचा गुण दख्खनीत उतरवला. गारोळ मेंढी जेमतेम 10-12 किलोची, पण जुळी-तिळी सर्रास देते. गंमत म्हणजे हाच गुण ऑस्ट्रेलियातल्या 'बुरूला' मेंढ्यांत आहे, आणि तोही अठराव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्याहून जहाजातून गेलेल्या मेंढ्यांमधून तिकडे पोचला असं मानतात. हा सगळा एकाच जनुकाचा खेळ आहे, हे 2001 मध्ये पक्कं सापडलं. उंची, वजन, दूध ह्यांत शेकडो जनुकांचा हात असतो, तिथे हिशोब बांधता येत नाही. इथे बांधता येतो.

2007 च्या दिवाळीत मामाने ओळखीच्या कळपातून असा एक मेंढा आणला. रक्त तपासलेला, गुणाची एक प्रत असलेला. मी बी.एस्सी.ला मेंडेलचे वाटाणे पाठ केलेले, तेव्हा ज्ञान पाजळायची संधी सोडतोय होय! घोंगडीवर बसून मामाला दाणे मांडून दाखवले. प्रत्येक जनावरात दोन दाणे. साध्या मेंढीत दोन्ही शेंगदाणे. ह्या मेंढ्यात एक शेंगदाणा, एक हरभरा. कोकराला आईकडून एक दाणा, बापाकडून एक. म्हणजे निम्म्या कोकरांत हरभरा येणार. नरांतही येणार, पण नराकडे बघून काही कळायचं नाही, तो थोडाच विणार आहे!

मामा म्हणाला, "म्हंजी ह्याच्या लेकींत बघायचं."

तसंच झालं. 2010 मध्ये त्याच्या लेकी व्याल्या आणि बऱ्याच जणींना जुळी झाली. मामी खूश, मामा खूश, मी तर हवेत.

पण त्या लेकींसाठी आधीच दुसरा मेंढा आणावा लागला होता. बापाला लेकींवर सोडत नाहीत, हे धनगराला मेंडेलने शिकवावं लागत नाही. मामाचं म्हणणं होतं की साधाच आणू. मी हट्टाने म्हटलं, "नाही मामा, हरभऱ्यावालाच आण. एका दाण्याने जुळी, तर दोन दाण्यांनी दुप्पट फायदा." मामाने ऐकलं. शिकलेला भाचा सांगतोय म्हणून ऐकलं, हे मला जास्त लागतं.

दोन्हीकडे एकेक हरभरा असला तर चार कोकरांत सरासरी एकाच्या वाट्याला दोन्ही हरभरे येतात. अशा माद्या 2012 मध्ये पहिल्यांदा व्याल्या. काहींना तिळी झाली. आणि ते वर्ष कुठलं होतं हे आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको. पावसाने दगा दिलेला, माळावर काडी नाही. मेंढीला सड दोनच. चारा असता तरी तिळ्यांना दूध पुरलं नसतं, इथे तर कास चोळून चोळून वाटीभर निघत नव्हतं. मामी बाटलीने पाजायची, रात्री उठून उठून. मी रविवारी गेलो तेव्हा नऊ कोकरं गेली होती. दहावं तिच्या मांडीवर होतं.

मामा मला एका शब्दाने बोलला नाही. "चहा घे" एवढंच म्हणाला.

मी अंडी मोजली होती, कोकरं मोजली होती. दूध मोजलं नव्हतं. ते कुठल्याच दाण्यात मांडलं नव्हतं मी.

तर परवाचा फोन. ह्या खेपेला मी घरी गृहपाठ केला होता. भावाला म्हटलं, "दोन दाण्यांचा मेंढा मिळाला तर साध्या मेंढ्यांवर सोड. प्रत्येक कोकरात नेमका एकच हरभरा येईल. जुळीवाल्या मेंढ्या तेवढ्या बाजूला ठेव."

"दादा, बाजूला म्हंजी दोन कळप करू? राखायला मी एकटा. पोरगं शाळंत."

ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तेवढ्यात मागून मामाचा आवाज आला. आता त्याला नीट ऐकू येत नाही म्हणून मोठ्याने बोलतो. "त्याला सांग, साधाच आणतूय म्हणावं! हरभरा मेंढ्यांत हाय की मायंदाळ!"

मी फोन कानाला धरून मनात दाणे मांडले. साधा मेंढा, हरभऱ्यावाली मेंढी. निम्म्या कोकरांत एक हरभरा. दोन कुणातच नाहीत.

"रविवारी येतो," मी म्हटलं. "साधाच बघू."