घाई असेल तर घावन

आंबोळीच्या पाककृती हल्ली दोन सूचना हमखास देतात: पीठ आठ तास आंबवा, आणि तेवढा वेळ नसेल तर चिमूटभर सोडा घाला. माझ्या मते दोन्ही सूचना चुकीच्या आहेत आणि दोन्हींमागची समजूत एकच आहे, की आंबणं म्हणजे पीठ फुगणं. आंबोळीतले श्रम वाचवायला माझी हरकत नाही. पण पिठाला लागणारा वेळ तांदूळ-उडदासारखाच त्या पदार्थाचा घटक आहे. तो काढून घेतला तर तव्यावर पडतं ते दुसरंच काहीतरी असतं.

रात्रभर पातेल्यात काय चालतं ते पाहिलं की हे पटतं. तीन वाट्या तांदळाला एक वाटी उडीद आणि चमचाभर मेथी, एवढंच साहित्य. बाहेरून खमीर घालावं लागत नाही. इडलीच्या पिठावर 1965 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, ज्यात कॉर्नेल विद्यापीठाचे कीथ स्टाइनक्रॉस होते, पीठ फुगवण्याचं काम यीस्टचं नसून मुख्यतः ल्युकोनोस्टॉक मेझेंटेरॉइड्स या जिवाणूचं आहे असं दिसलं. हे जिवाणू धान्यावर, विशेषतः उडदावर, आधीच असतात. ते पिठात वायू सोडतात आणि त्याच वेळी आम्लही तयार करतात. वायू धरून ठेवायला उडीद लागतो. त्यातली प्रथिनं फेस धरतात, चिकट द्रव्य त्या फेसाला टिकवतं, मेथीचा बुळबुळीतपणा मदतीला येतो. तांदळात यातलं काही नाही. म्हणून उडीद वेगळा, गार पाण्याचे हबके देत, हलका होईपर्यंत वाटायचा; वाटीभर पाण्यात त्याचा थेंब सोडला तर तो तरंगला पाहिजे. तांदूळ मात्र किंचित रवाळ राहिला तरी चालतो. उडीद घाईने वाटला असेल तर पुढे कितीही तास ठेवा, वायू तयार होतो आणि निसटून जातो. आंबोळी बिघडते ती बहुतेक वेळा इथे, आणि दोष मात्र थंडीला दिला जातो.

आता सोडा. आंबलेल्या पिठात तो घातला तर आम्ल खाऊनच वायू देतो, म्हणजे रात्रभर कमावलेला आंबटपणा पुसून टाकतो. न आंबलेल्या पिठात त्याला पुरेसं आम्लच मिळत नाही. मग साबणासारखी चव मागे राहते आणि रंग पिवळट होतो. जाळी दोन्हीकडे दिसते, पण आंबोळी जाळीसाठी खात नाहीत. आंबोळीसोबतचं काळ्या वाटाण्याचं सांबारं भाजलेल्या खोबऱ्याने दाट आणि जड झालेलं असतं. त्याला तोलायला हा सौम्य आंबटपणाच लागतो. शिवाय आंबताना धान्यातलं फायटिक आम्ल कमी होतं आणि त्यातलं लोह, जस्त शरीराला अधिक मिळतं. चिमूटभर सोड्याने यातलं काही होत नाही.

आठ तासांचा आकडाही असाच फसवा. तीस अंशांच्या आसपास हे जिवाणू जोमात असतात. मे महिन्यात मालवणात पीठ पाच-सहा तासांत तयार होऊ शकतं आणि आठव्या तासाला उतरणीला लागतं; जानेवारीत पुण्या-नाशकात बारा तासही अपुरे पडतात. घड्याळापेक्षा पीठ पाहावं: वर बारीक बुडबुड्यांचा फुगवटा, डावाने उचलताना आत दिसणारी जाळी, ताज्या ताकासारखा वास. मधोमध खळगा पडून वास झणझणीत झाला, तर वेळ टळून गेली.

यावर आक्षेप येतो की नोकरी, छोटं घर आणि थंडी यांत हे परवडत नाही. पण वेळ लागतो तो पिठाला, आपल्याला नव्हे. आपण तेव्हा झोपलेले असतो. उबेसाठी पातेलं बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवता येतं, थंड देशांतल्या मराठी घरांत हे सर्रास चालतं. जुन्या पिठाचा एक डाव विरजणासारखा घालता येतो. आंबलेलं पीठ दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये राहतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: खुद्द कोकणात गिरणीतून दळून आणलेल्या कोरड्या पिठाच्या आंबोळ्या होतात, मग वाटणाचा एवढा आग्रह कशाला? खरं आहे. वाटलेल्या पिठाइतका हलकेपणा त्यात येत नाही, तरी ती आंबोळीच आहे, कारण ते पीठही रात्री भिजवून आंबवतात. तिथल्या बायकांनी वाटण्याचे कष्ट गिरणीवर सोपवले आणि रात्र तशीच ठेवली. काय वाचवावं आणि काय वाचवू नये, याची याहून नेमकी समज मला माहीत नाही.

आणि खरोखरच वेळ नसेल, तर त्याची सोय याच स्वयंपाकघरात आहे. घावन आंबवावं लागत नाही. तांदळाचं पीठ, मीठ, भरपूर पाणी. बिडाचा तवा चांगला तापवून, नारळाच्या शेंडीने तेल फिरवून पातळ पीठ ओतलं की वाफेनेच जाळी पडते. कोकणाने घाईच्या पदार्थाला वेगळं नाव दिलं, त्याला आंबोळी म्हटलं नाही. तेव्हा रात्री पीठ भिजवायचं राहून गेलं असेल, तर सोड्याचा डबा उघडू नका. सकाळी घावन घाला, सोबत ओल्या नारळाची चटणी करा, आणि आंबोळीसाठी उडीद आज भिजत घाला.