'ऑल्दो' कुठे ठेवायचा?

वस्तीतल्या अभ्यासिकेत आम्ही मुलामुलींचे इंग्रजी निबंध आणि परदेशी शिष्यवृत्तीचे अर्ज तपासतो. व्याकरणाच्या चुकांची आम्हाला फारशी चिंता नाही. त्या सरावाने जातात. चिंता आहे ती तुलनेची. दोन गोष्टी शेजारी ठेवून मध्ये 'ऑन द अदर हँड' टाकले की तुलना झाली, असे आपल्या पोरांना वाटते.

मराठीत एकटा 'याउलट' बरीच कामे करतो. इंग्रजीत तसे चालत नाही. दोन वस्तुस्थितींतला फरक दाखवायचा तर 'व्हेअरअ‍ॅज' किंवा 'इन कॉन्ट्रास्ट'. समोरच्याचे म्हणणेच खोडायचे तर 'ऑन द कॉन्ट्ररी'. 'जात आता उरली नाही, असे म्हणतात' या वाक्यापुढे 'ऑन द अदर हँड' लिहिले, तर त्या म्हणण्याला आपण अर्धी मान्यता देऊन बसतो. खोडायचे तिथे खोडलेच पाहिजे.

आता आकडे घेऊ. जनगणनेनुसार २००१ साली देशाची साक्षरता ६४.८ टक्के होती, अनुसूचित जातींची ५४.७. २०११ साली हेच आकडे ७३ आणि ६६.१ झाले. म्हणजे अंतर १०.१ वरून ६.९ वर आले. हे दोन प्रकारे लिहिता येते. 'ऑल्दो' अंतर उरले आहे, ते कमी झाले आहे. किंवा, 'ऑल्दो' अंतर कमी झाले आहे, ते अजून उरले आहे. दोन्ही वाक्ये खरी आहेत. पण 'ऑल्दो' ज्याला लागतो ते गौण होते आणि वजन दुसऱ्यावर पडते. पहिले वाक्य वाचून वाचक निर्धास्त होतो, दुसरे वाचून प्रश्न विचारतो. आपले दुःख आजवर इतरांच्या लेखनात बहुधा 'ऑल्दो'च्या बाजूलाच राहिले.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातली समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनातली विषमता समोरासमोर ठेवली. ती तुलना आजही बोचते, कारण दोन्हीकडे माप एकच आहे: माणसाचे मूल्य. माप एक नसेल तर कितीही भारी इंग्रजी शब्द वापरा, तुलना उभी राहत नाही.

म्हणून मित्रांनो, शब्दांच्या याद्या पाठ करण्याआधी आपले माप ठरवा, आणि आपल्या वाक्यात वजन कुठे पडावे हे दुसऱ्याला ठरवू देऊ नका.