चमचाभर औषध

मुलांनो, मी चौथीच्या वर्गाला गणित शिकवते. एका पेनाची किंमत दिली की पाच पेनांची किती, हा माझा आवडता पाठ. वर्गातली मुलं पटापट उत्तरं देतात. पण हेच गणित एका रात्री मी स्वतः साफ विसरले होते. तेही माझ्याच मुलाच्या बाबतीत! त्या रात्री जिनं माझा हात धरला, तिची आणि ती शिकलेल्या विषयाची ही गोष्ट.

माझी धाकटी नणंद बारावी सायन्सला चांगल्या मार्कांनी पास झाली. घरात रोज एकच चर्चा, पुढे काय? सासूबाई म्हणाल्या, "बी.एस्सी. कर, बी.एड. कर, वहिनीसारखी शिक्षिका हो." ती म्हणाली, "मला फार्मसीला जायचंय." मी घरातली 'बाई', म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. मीही ऐटीत म्हणाले, "अगं, इतके मार्क मिळवून शेवटी मेडिकलच्या दुकानातच बसणार का?" सगळे हसले. ती मात्र हसली नाही. सीईटी देऊन ती शहरातल्या कॉलेजात बी.फार्म.ला गेली.

ती तिसऱ्या वर्षाला असतानाची दिवाळीची सुट्टी. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा, वजन चौदा किलो. रात्री अकराच्या सुमारास त्याचं अंग तापलं. आमच्या गावात रात्री डॉक्टर नसतात. मी कपाट धुंडाळलं. जाऊबाईंनी त्यांच्या तान्ह्या बाळासाठी आणलेली पॅरासिटामॉलची छोटी बाटली सापडली. मनात म्हटलं, तेच तर औषध, तान्ह्या बाळाला चालतं मग याला का नाही? स्वयंपाकघरातला चमचा घेतला, भरला आणि त्याच्या तोंडाशी नेला.

"वहिनी, थांब!" नणंदेनं माझं मनगट धरलं. चमच्यातलं थोडं औषध पांघरुणावर सांडलं. मला रागच आला.

तिनं काही न बोलता माझ्या टेबलावरची एक वही ओढली आणि मागच्या पानावर लिहिलं : 'या बाटलीत १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. चमच्यात ५ मिलिलिटर. तर चमच्यात किती?'

माझ्याच चौथीच्या पुस्तकातलं गणित! उत्तर ५००. खाली तिनं दुसरं गणित मांडलं. मुलांना एका वेळी हे औषध वजनाच्या हिशेबानं देतात, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. चौदा किलोला जास्तीत जास्त २१०. म्हणजे मी दुपटीहून जास्त औषध द्यायला निघाले होते.

"पण मी नेहमी चमच्यानंच देते की!" मी म्हणाले.

"ते मोठ्या बाटलीतलं सिरप. त्याच्या ५ मिलिलिटरमध्ये १२५ असतं. हे ड्रॉप्स आहेत, थेंबानं द्यायचे. बाळाच्या पोटात थोडंसंच जावं म्हणून मुद्दाम घट्ट केलेलं असतं. नाव तेच, औषध तेच, पण माप वेगळं."

मी घाबरून विचारलं, "मग काय झालं असतं गं?"

तिनं मला खोटी भीती घातली नाही. म्हणाली, "एकदा दिलं असतंस तर बहुतेक काही झालं नसतं. पण तू दर चार-सहा तासांनी चमचा चमचा देत राहिली असतीस. पॅरासिटामॉल शरीरातून बाहेर घालवायचं काम यकृत करतं. ते करताना थोडंसं विष तयार होतं, आणि यकृत ते लगेच निकामी करून टाकतं. पण माप सतत वाढत गेलं की यकृताचा साठा संपतो, आणि तेच विष यकृतावर उलटतं."

मग तिनं बाटलीवरची तारीख पाहिली, ड्रॉपरनं मोजून दीड मिलिलिटर औषध दिलं आणि सकाळी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. साधा ताप होता, दोन दिवसांत उतरला.

त्या रात्री आम्हाला दोघींनाही झोप नव्हती. मी विचारलं, "हे सगळं तुला दुकानात बसायला शिकवतात?" ती म्हणाली, "हा फार्माकॉलॉजीचा पेपर आहे, वहिनी." औषध शरीराला काय करतं आणि शरीर औषधाचं काय करतं, या दोन प्रश्नांवर हा सगळा विषय उभा आहे. गोळी पोटात गेली की ती रक्तात कशी उतरते, कुठे कुठे पोचते, यकृत तिचे तुकडे कसे करतं, मूत्रपिंड तिला बाहेर कसं टाकतं. ग्रीक भाषेत 'फार्माकॉन' या एकाच शब्दाचा अर्थ औषध असाही होतो आणि विष असाही!

मग तिनं मला फ्रान्सिस केल्सी यांची गोष्ट सांगितली. लग्नाआधीचं त्यांचं आडनाव ओल्डहॅम. १९३६ साली या तरुण मुलीनं शिकागो विद्यापीठातल्या फार्माकॉलॉजीच्या प्राध्यापकांकडे कामासाठी अर्ज केला. उत्तर आलं 'श्रीयुत ओल्डहॅम' यांच्या नावानं! नावावरून प्राध्यापकांना तो मुलगा वाटला होता. पण ती गेली आणि कामाला लागली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत एका द्रव औषधानं शंभराहून जास्त माणसं दगावली. त्यात कितीतरी मुलं होती. औषध विरघळावं म्हणून त्यात डायएथिलीन ग्लायकॉल घातलं होतं. ते विषारी आहे, हे दाखवून देणाऱ्या प्रयोगांत फ्रान्सिस यांचाही हात होता.

१९६० साली त्या अमेरिकेच्या औषध प्रशासनात रुजू झाल्या. लगेच त्यांच्या टेबलावर थॅलिडोमाइड नावाच्या झोपेच्या औषधाचा अर्ज आला. युरोपात ते खपत होतं, गरोदर बायकाही मळमळ थांबावी म्हणून घेत होत्या. कंपनीला परवानगीची घाई होती. केल्सीबाईंचं म्हणणं एकच, पुरावा दाखवा. पुन्हा अर्ज, पुन्हा तेच उत्तर. १९६१ अखेर बातमी फुटली. त्या औषधामुळे जगभर हजारो बाळं अधू हातापायांची जन्मली होती. अमेरिकेत मात्र विक्रीला परवानगी मिळालीच नव्हती. १९६२ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी बाईंचा गौरव केला.

ही फार दूरची गोष्ट वाटते ना? पण १९८६ साली मुंबईत जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. त्यातही हेच डायएथिलीन ग्लायकॉल होतं. २०२२ साली आफ्रिकेतल्या गांबिया देशात लहान मुलं गेली, तेव्हाही खोकल्याच्या सिरपमध्ये ते सापडलं. विष तेच. म्हणूनच प्रत्येक पिढीत कुणीतरी 'थांबा' म्हणणारं लागतं.

तुमच्यापैकी कुणाला हा विषय आवडला तर वाट अशी आहे. बारावी सायन्सनंतर चार वर्षांचं बी.फार्म. त्यात फार्माकॉलॉजी असतेच. पुढे दोन वर्षांच्या एम.फार्म.ला तोच विषय खास निवडता येतो. डॉक्टर होणाऱ्यांनाही तो शिकावा लागतो, आणि एम.बी.बी.एस.नंतर त्यात एम.डी. करता येतं. ब्रिटनमध्ये तर काही विद्यापीठांत थेट याच विषयाची पदवी मिळते. नंतर कुणी प्रयोगशाळेत नवं औषध शोधतं, कुणी रुग्णांवरच्या चाचण्यांचं काम पाहतं, कुणी प्राध्यापक होतं, तर कुणी औषध निरीक्षक होऊन कारखाने आणि दुकानं तपासतं. पाठांतर खूप आहे, सुरुवातीचा पगार बेताचाच, आणि एक नवं औषध बाजारात यायला दहा-बारा वर्षंही लागतात. घाई असणाऱ्यांचं हे काम नव्हे.

माझी नणंद आता एम.फार्म. होऊन पुण्यात एका कंपनीत औषधांच्या सुरक्षिततेच्या विभागात काम करते. कुणाला कुठल्या औषधानं पुरळ उठलं, कुणाला चक्कर आली, असे अहवाल दिवसभर वाचायचे आणि त्यात काही धोक्याची खूण दिसते का ते शोधायचं. परवा मी तिला म्हटलं, "त्या दिवशी मी दुकानात बसण्यावरून बोलले, ते चुकलंच माझं." ती हसून म्हणाली, "चुकलंस खरं, पण तुला वाटतं तसं नाही. दुकानात बसले असते तरी काय बिघडलं असतं? बाटली घरी जाण्याआधी, 'हे ड्रॉप्स आहेत, चमच्यानं देऊ नका,' असं सांगणारं शेवटचं माणूस तिथंच तर बसलेलं असतं."

त्या वहीतलं मागचं पान मी फाडून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. तुम्हीही घरात औषधाची बाटली दिसली की स्वतः घेऊ नका. पण आईबाबांना एक प्रश्न जरूर विचारा : "हे किती द्यायचं, आणि कशानं मोजायचं?"